विज्ञानलेखनाच्या पेपरात काय शिकलो, हे लिहायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात तुम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात. यंदा विज्ञानलेखनाचा पेपर होता. त्यात तुमच्याकडून तीन कामं करून घेतली: गावातल्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल, गडचिरोलीतल्या नवजात बाळांवरच्या शोधनिबंधाचा सारांश आणि कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रक. आता सरांनी शेवटचं काम दिलंय, ‘या पेपरात मी काय शिकलो’ यावर दीड हजार शब्द. नोट्समधलं उतरवलं तर सर मार्क कापतात आणि मनाचं लिहायला बसलं की ‘खूप काही शिकायला मिळालं’ याच्यापुढे गाडी जात नाही, असं तुम्ही म्हणता. निबंध मराठीत लिहू की इंग्रजीत, हेही विचारलंय. आणि शेवटी विचारता, गावाकडे या सगळ्याचा उपयोग काय?

मी विदर्भातल्याच एका ग्रामीण कॉलेजात शिकवतो. हा विषय बरीच वर्षं शिकवलाय आणि विद्यार्थ्यांचे असे निबंध दर वर्षी तपासतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. तुम्हाला वाटतंय की शब्द सुचत नाहीत. माझ्या मते शब्द सुचत नाहीत कारण पुरावा समोर ठेवलेला नाही. ‘मी शिकलो’ हे एक विधान आहे. ‘या बोअरचं पाणी पिण्यालायक आहे’ हे जसं विधान, तसंच हेही. पाण्याबद्दल बोलताना तुम्ही नमुना घेता, मोजता, नोंद करता आणि मग बोलता. स्वतःच्या शिकण्याबद्दल बोलताना मात्र थेट निष्कर्षावर उडी मारता, आणि निष्कर्ष एका ओळीत संपतो. मग उरलेले चौदाशे शब्द कुठून आणायचे? ते येतात नमुन्यांतून. तुमचे नमुने म्हणजे तुम्ही लिहिलेले खर्डे, पहिला आणि शेवटचा. दोन्ही शेजारी ठेवा. जिथे वाक्य बदललंय तिथे काहीतरी शिकलंय. ते का बदललं हे सांगितलं की निबंध उभा राहतो.

अर्थात हे सगळीकडे सारखं लागू होत नाही. तुमच्या सरांनी खर्डे तपासून परत दिले होते का, की एकदाच जमा करून घेतले? लिहून झाल्यावर पुन्हा लिहायला लावलं का? काही कॉलेजांत हा पेपर फळ्यावरच्या व्याख्या उतरवण्यातच संपतो. तसं झालं असेल तर निबंध वेगळा लिहावा लागेल, त्याबद्दल शेवटी सांगतो. पण तुमच्याकडून तीन कामं लिहून घेतली आहेत, म्हणजे हाताशी माल आहे असं धरून चालतो.

पाण्याच्या अहवालापासून सुरुवात करतो, कारण आपल्या भागात हा विषय फार महत्त्वाचा आहे आणि विद्यार्थ्यांचे सगळ्यात शिकवणारे खर्डे मला इथेच सापडतात. नेहमीचा पहिला खर्डा असा असतो: सामू (पीएच) ७.४, विद्राव्य म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ६०० मिलिग्रॅम, काठिण्य अमुक, ‘सबब सदर पाणी पिण्यास योग्य आहे.’ अहवालाचा साचा बरोबर असतो. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष, सगळं जागच्या जागी. तरीही शेवटचं वाक्य टिकत नाही. तुम्ही तीन गोष्टी मोजल्या आणि चौथ्याच गोष्टीबद्दल निकाल दिला. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत कित्येक बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, जास्त झालं तर दात आणि हाडं बिघडवणारं. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. टीडीएसचं, म्हणजे विद्राव्य क्षार मोजायचं, मीटर पाण्यात बुडवलं तर ते एकूण क्षार सांगतं, त्यात फ्लोराइड किती हे सांगत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. हे प्रमाण इतकं बारीक आहे की एकूण क्षारांच्या सहाशेच्या आकड्यात ते दिसणारच नाही. पाणी उकळलं तरी फ्लोराइड जात नाही. दूषित पाण्यातले जिवाणूही सामू बघून कळत नाहीत.

म्हणून मी अशा खर्ड्यावर समासात एवढंच लिहितो, ‘कशावरून?’ मग दुसरा खर्डा येतो: ‘तपासलेल्या तीन घटकांपैकी सामू मानकाच्या मर्यादेत आहे. विद्राव्य क्षार इष्ट मर्यादेपेक्षा, म्हणजे ५०० मिलिग्रॅमपेक्षा, जास्त आहेत, पण कमाल मर्यादेच्या, म्हणजे २००० मिलिग्रॅमच्या, आत आहेत. फ्लोराइड आणि जिवाणूंची तपासणी झालेली नाही. ती झाल्याशिवाय हे पाणी पिण्यालायक आहे असं म्हणता येणार नाही.’ हा खर्डा कमी ठाम आहे. पण गावाच्या उपयोगाचा हाच आहे, कारण तो वाचून सरपंच पुढची तपासणी करून घेतील. पहिला वाचून ते निर्धास्त होतील आणि तेच पाणी अंगणवाडीतली पोरं पीत राहतील.

विज्ञानलेखनाच्या पेपरातून शिकण्यासारखी मुख्य गोष्ट मला हीच वाटते: जेवढं मोजलं, जेवढं पाहिलं, तेवढ्याच जोराने बोलायचं. त्याहून जास्त नाही आणि त्याहून कमीही नाही. व्याकरण, मांडणी, शीर्षक हे सगळं त्याच्या मागून येतं. तुमच्या निबंधात ही गोष्ट तुम्हाला कुठे कळली तेवढं शोधून काढलं तरी अर्धं काम होईल.

आता बोंडअळीचं माहितीपत्रक. यावर जरा थांबतो, कारण इथे वाचणारा माणूस तुमच्या वाक्यावरून खिशातला पैसा खर्च करतो आणि पाठीवर पंप घेतो.

विद्यार्थ्यांचा पहिला खर्डा बहुधा कीटकाच्या शास्त्रीय नावाने सुरू होतो, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. मग जीवनचक्र, अंडी किती दिवसांत उबतात, कोष कुठे असतो. आणि तळाशी एक ओळ: ‘प्रादुर्भाव जास्त आढळल्यास शिफारशीत कीटकनाशकाची फवारणी करावी.’ हा मजकूर वाचून दाखवला तेव्हा माझ्या एका विद्यार्थिनीला तिच्या काकांनी मध्येच थांबवलं होतं. ‘जास्त मंजे किती?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि अख्ख्या पत्रकात त्याचं उत्तर नव्हतं. उत्तर शास्त्रज्ञांनी कधीच दिलेलं आहे. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री दररोज ८ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले, किंवा तोडून फोडलेल्या हिरव्या बोंडांपैकी शेकडा १० बोंडांत अळी निघाली, की उपाय करायची वेळ आली. २० बोंडं फोडली तर दोनांत अळी. हा आकडा वावरात उभं राहून मोजता येतो. तिने पुढच्या खर्ड्यात जीवनचक्र तीन ओळींवर आणलं, हा आकडा सगळ्यात वर घेतला आणि ‘डोमकळी दिसली की तोडून नष्ट करा’ हे त्याच्याखाली लिहिलं. डोमकळी म्हणजे आत अळी असल्याने न उमलता मिटून राहिलेलं फूल, पण ते कोणत्याही कापूस उत्पादकाला सांगावं लागत नाही. पाठ्यपुस्तकातलं जड वर्णन तिथे काढून टाकता आलं.

दुसरा प्रश्न प्रत्येक गावात येतो. ‘बीटी हाय ना, मंग अळी कशी काय पडली?’ बीटी म्हणजे जिवाणूतलं जनुक घातल्यामुळे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी कपाशी. या प्रश्नावर विद्यार्थी दोन टोकांची वाक्यं लिहितात. एक, ‘बीटी तंत्रज्ञान पूर्णपणे अपयशी ठरले आहे.’ दुसरं, ‘योग्य व्यवस्थापन केल्यास बीटी कापूस किडींपासून संरक्षण देतो.’ दोन्ही वाक्यं जेवढं माहीत आहे त्याच्या पलीकडे जातात. खरी हकीकत दोन्हींच्या मधे आहे आणि ती सांगायला चार वाक्यं लागतात. आपल्याकडे एका जनुकाचं बीटी २००२ साली आलं, दोन जनुकांचं २००६ साली. गुजरातेत २०१० च्या सुमाराला पहिल्या जनुकाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी नोंदवली गेली, पुढे तिने दुसऱ्यालाही दाद देणं सोडलं आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडंच्या बोंडं तिने पोखरली. अमेरिकन बोंडअळी या कपाशीवरच्या दुसऱ्या अळीवर मात्र बीटीचा परिणाम टिकून राहिला. म्हणजे प्रश्न ‘बीटी चालतं की नाही’ असा नाही, ‘कोणत्या अळीवर’ असा आहे.

आणि गुलाबीच का? ती जवळपास कपाशीवरच जगते, म्हणून तिची पिढ्यान्‌पिढ्या गाठ त्याच विषाशी पडत राहिली. साध्या कपाशीवर वाढलेले, विषाला बळी पडणारे पतंग शिवारात राहावेत आणि प्रतिकार असलेल्या पतंगांशी त्यांचा संकर व्हावा, यासाठी ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी दिली जायची. बऱ्याच जणांनी ती लावलीच नाही. पुडी कशासाठी आहे हे समजेल अशा मराठीत त्यांना किती जणांनी सांगितलं होतं, हा प्रश्न मला आजही छळतो. त्यात फरदड. जानेवारीनंतर पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी ठेवली, पाणी दिलं, आणखी दोन वेचे काढले, की अळीचं खाणं पुढच्या हंगामाच्या दिशेने चालू राहतं. शेतकऱ्याला दोन वेचे हवेत आणि त्यामागे त्याचं कर्ज आहे. माहितीपत्रकात ‘फरदड घेऊ नये’ एवढंच लिहून भागत नाही, ते का, हे त्याच कागदावर असलं पाहिजे.

याच पत्रकात फवारणीची ओळ येते, तिथे मी सगळ्यात कडक असतो. २०१७ साली तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात पोचले. त्यानंतर आपल्या भागातल्या विद्यार्थ्याने ‘डब्यावरील चिन्ह पाहून योग्य ती काळजी घ्यावी’ असं लिहिणं मला चालत नाही. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पिवळ्यानंतर निळा येतो हे रंग पाहून कुणालाच आपोआप कळणार नाही, आणि हिरवा त्रिकोण पाहून माणूस समजतो की हे निर्धोक आहे. हिरवा त्रिकोणही विषाच्याच डब्यावर असतो. रंगांबद्दलची ही वाक्यं पत्रकात हवीत. तुमच्या पहिल्या खर्ड्यात ती नसतील आणि शेवटच्यात असतील, तर तुमच्या निबंधातला हा सगळ्यात वजनदार परिच्छेद होऊ शकतो.

तुमचं तिसरं काम शोधनिबंधाच्या सारांशाचं. गडचिरोलीतला तो अभ्यास १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि जंतुसंसर्ग झालेल्या बाळांवर घरीच उपचार केले. सारांशात सगळे लिहितात, ‘नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले.’ आकडा बरोबर आहे. पण कशाच्या तुलनेत? अभ्यासात ३९ गावांत हे काम केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली होती. तिसऱ्या वर्षी काम केलेल्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यूंचं प्रमाण २५.५ वर आलं, आणि ६२ टक्के ही घट तुलनेच्या गावांशी ताडून काढलेली आहे. ती ४७ गावं सारांशातून गळाली तर वाचणारा म्हणू शकतो, ‘तसंही दिवस सुधारतच होते, मृत्यू आपोआप कमी झाले असतील.’ तुलनेची गावं होती म्हणूनच हे म्हणता येत नाही. तुमच्या सारांशात ती गावं कितव्या खर्ड्यात आली ते पाहा. पहिल्यातच आली असतील तर तसं लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सगळंच चुकत-माकत शिकलं पाहिजे असा नियम नाही.

माझ्या वर्गातली आणखी दोन उदाहरणं देतो, म्हणजे कोणत्या प्रकारचा फरक शोधायचा ते लक्षात येईल.

आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार सगळ्यांनाच ऐकून माहीत आहे. एका विद्यार्थ्याने आशाताईंसाठी कागद तयार केला: ‘आई-वडील दोघेही वाहक असतील तर चार मुलांपैकी एकाला आजार होतो.’ पुस्तकात हेच वाक्य आहे. वाहक म्हणजे स्वतः आजारी नसलेला, पण आजाराचं जनुक अंगात असलेला माणूस. त्याने ते एका आशाताईंना वाचून दाखवलं, तर त्यांनी सांगितलं की घराघरात याचा अर्थ वेगळाच घेतात: ‘पहिलं आजारी निघालं ना, मंग बाकीचे तिघं चांगलेच होतीन.’ तसं होत नाही. प्रत्येक गरोदरपणात शक्यता तेवढीच, चारात एक. आधीचं बाळ कसं निघालं याचा पुढच्या बाळाशी संबंध नाही. त्याने वाक्य बदललं, ‘प्रत्येक वेळी’ हे शब्द ठळक केले आणि चार मुलांचं चित्र काढून टाकलं, कारण चित्रामुळेच तो गैरसमज पक्का होत होता. विज्ञान दोन्ही खर्ड्यांत एकच होतं. पहिला त्याने स्वतःला समजावा असा लिहिला होता आणि दुसरा त्या घरासाठी.

दुसरं उदाहरण लोणारचं, उल्का आदळून झालेल्या सरोवराचं. बुलढाण्याकडच्या एका मुलाने वर्तमानपत्रासाठी लेख लिहिला, सुरुवातच ‘५२,००० वर्षांपूर्वी’ अशी. ही संख्या खूप ठिकाणी छापलेली आहे. पण ती एका पद्धतीने काढलेली आहे, आणि नंतर आर्गॉनच्या पद्धतीने काढलेलं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. दहापटीहून जास्त फरक! त्याने मला विचारलं, खरं कोणतं लिहू? मी म्हटलं, दोन्ही लिही, कोणत्या पद्धतीने काढलं तेही लिही, आणि नंतरच्या मोजमापाकडे अभ्यासकांचा कल का आहे ते तूच शोधून मला सांग. त्याच लेखात जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाल्याचा भाग होता. तेव्हा फोनवर काय काय फिरत होतं ते तुम्हाला आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं सांगितलं. तपासणीआधी काय लिहिता आलं असतं आणि नंतर काय, हे त्याने दोन वेगळ्या परिच्छेदांत मांडलं. मला तो लेख फार आवडला होता.

आता निबंध लिहिण्याबद्दल. ‘आजच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या युगात विज्ञानलेखनाला अनन्यसाधारण महत्त्व आहे’ अशी सुरुवात करू नका. तपासणाऱ्याने ती ओळ शंभरदा वाचलेली असते आणि तिच्यात तुमचं काहीच नसतं. थेट खर्ड्यावर या. नमुना म्हणून असं काहीतरी:

‘बोअरच्या पाण्याच्या अहवालाचा पहिला खर्डा मी ‘पाणी पिण्यास योग्य आहे’ असा संपवला होता. मी फक्त सामू, क्षार आणि काठिण्य तपासलं होतं. सरांनी समासात ‘फ्लोराइड?’ असं लिहिलं. तेव्हा मला आधी राग आला, कारण आमच्या प्रयोगशाळेत ती तपासणी होत नाही. पण मग लक्षात आलं की जी तपासणी आम्ही करू शकत नाही, ती झालीच नाही हे लिहिणं तरी माझ्या हातात आहे. दुसऱ्या खर्ड्यात मी तशी ओळ घातली. त्यानंतर बोंडअळीचं पत्रक लिहिताना ‘जास्त प्रादुर्भाव’ हे शब्द आले तेव्हा मी स्वतःच थांबलो.’

हा नमुना उतरवू नका, तुमच्या कामांची हकीकत वेगळी असणार. पण त्यात काय आहे ते पाहा. जुनं वाक्य जसंच्या तसं दिलंय. ते कोणी, कशामुळे अडवलं ते सांगितलंय. काय बदललं ते आहे. आणि शेवटच्या ओळीत तेच शिकलेलं दुसऱ्या कामात वापरल्याचा पुरावा आहे. ही शेवटची पायरी बहुतेक जण सोडतात, आणि खरं मोल तिचंच आहे. एकाच जागी सरांनी सांगितलं म्हणून बदललं तर ती दुरुस्ती झाली. दुसऱ्या ठिकाणी न सांगता तुम्ही थांबलात, तेव्हा ते तुमचं झालं.

जे जमलं नाही तेही लिहा, मात्र त्यालाही पुरावा जोडून. ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ हे सगळेच लिहितात. त्याऐवजी शोधनिबंधातला कोणता तक्ता समजला नाही, त्यातला कोणता स्तंभ अडला, ते सांगा. सरांचे आभार आणि पेपराचं कौतुक यांना एक ओळ पुरे. मोबाईलवर कुणाकडून किंवा कशाकडून तरी अख्खा निबंध तयार करून घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. तुमचे खर्डे, वाचून दाखवताना तुम्हाला कुणी कुठे थांबवलं, सरांनी समासात काय लिहिलं, हे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे आणि मार्क त्यालाच मिळतात.

भाषेचंही विचारलंय तुम्ही. कॉलेज इंग्रजीतच मागत असेल तर इंग्रजीत लिहा, पण आधी मराठीत विचार करून मुद्दे काढा. पत्रकातली जुनी-नवी वाक्यं मूळ मराठीतच द्या, त्यांचं भाषांतर करून ठेवलं तर फरकच पुसला जाईल. मराठीत लिहायची मोकळीक असेल तर बोलतो तसं सरळ लिहा. ‘सबब’, ‘सदर’, ‘तद्‌नंतर’ यांची गरज नाही.

गावाकडे उपयोग काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. विज्ञानलेखक म्हणून तालुक्याच्या गावी नोकरी मिळेल असं मी तुम्हाला सांगणार नाही, तशा जागा आपल्याकडे जवळपास नाहीत. पण तुम्ही शिक्षक व्हा, कृषी सेवा केंद्र टाका, आरोग्य खात्यात जा किंवा घरची शेती करा, लोक तुमच्याकडे कागद घेऊन येणारच. ‘तू सायन्स शिकलेला आहे, हे पाय बरं काय लिहिलं आहे.’ पाण्याचा रिपोर्ट असेल, सिकलसेलचं कार्ड असेल, फोनवर आलेला ‘दोन औषधं एकत्र करून फवारा’ असा निरोप असेल. तेव्हा तुम्ही काय बोलता आणि किती खात्रीने बोलता यावर त्या माणसाचं पाणी, पोर आणि पीक अवलंबून राहील. विदर्भातल्या खेड्यात ही गरज मोठी आहे आणि ती भागवणारी माणसं फार थोडी आहेत. म्हणून हा पेपर मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

आता राहिलं ते, खर्डे हाताशी नसतील तर काय. आधी नीट शोधा. सरांना पाठवलेल्या फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर असतात, लाँगबुकच्या मागच्या पानांवर कच्चं लिहिलेलं असतं, मित्राला दाखवायला काढलेले फोटो फोनमध्ये असतात. खरोखरच काही उरलं नसेल, किंवा कॉलेजात पुन्हा लिहून घेतलंच नसेल, तर जमा केलेलं बोंडअळीचं पत्रक तसंच घ्या आणि कपाशी लावणाऱ्या एखाद्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. काही समजावू नका, फक्त वाचा. तो कुठे थांबवतो, काय विचारतो, कुठे दुसरीकडे बघायला लागतो, त्याची समासात पेन्सिलीने नोंद करा. त्यावरून दुसरा खर्डा लिहा आणि तारीख टाका. निबंधात प्रामाणिकपणे सांगा की हा दुसरा खर्डा पेपर संपल्यावर, या निबंधासाठी केलेला आहे. चांगला शिक्षक त्याचे मार्क कापणार नाही. या दोन कागदांवर दीड हजार शब्द सहज होतील, आणि कमी पडलेच तर पाण्याच्या अहवालाचं शेवटचं वाक्य काढून ते आज तुम्ही कसं लिहाल त्यावर एक परिच्छेद जोडा.